तपासणाऱ्याची परीक्षा

शाळेतल्या मुलांची नजर तपासायला लागतं तरी काय? भिंतीवर एक तक्ता, सहा मीटर मोकळी जागा आणि एका मुलामागे दोन-तीन मिनिटं. तक्त्यावर इंग्रजी ‘ई’ कधी सरळ, कधी उताणा, कधी पालथा, कधी उलट्या तोंडाचा. त्याची तीन बोटं कुठल्या दिशेला आहेत ते मुलानं हातानं दाखवायचं. दाखवता आलं तर ठीक, नाही तर डॉक्टरकडे चिठ्ठी. काम इतकं सोपं दिसतं की त्यासाठी प्रशिक्षण, वर परीक्षा आणि वर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र, असं कुणी म्हटलं तर शिक्षकांच्या खोलीत हसूच पिकेल.

प्रत्यक्षात काय होतं ते एखाद्या पाचवीच्या वर्गावर पाहू. व्हरांडा जेमतेम पाच मीटरचा, म्हणून तक्ता एका टोकाच्या खांबाला टांगलाय आणि मुलांना दुसऱ्या टोकाला उभं केलंय. पटावरची सगळी मुलं एकाच रांगेत, तक्त्याकडे तोंड करून. पहिल्याची तपासणी चालू असताना मागच्यांचं पाठांतर चालू असतं: वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. दहाव्या मुलापर्यंत ते पक्कं होतं. मग एक मुलगी पुढे येते. ‘डावा डोळा झाक’ म्हटल्यावर ती पंजा डोळ्यावर धरते आणि बोटांच्या फटीतून तिला तक्ता छान दिसतो. यात लबाडी नाही. उत्तर चुकू द्यायचं नाही ही सवय शाळेनंच तर लावलेली. फटी बंद कर म्हटलं की ती हात आणखी जोरात दाबते, आणि नंतर त्या डाव्या डोळ्याची पाळी येते तेव्हा दाबामुळे त्याला थोडा वेळ खरोखरच धूसर दिसतं. उघडा डोळा ती बारीक करते. पापण्यांच्या अरुंद फटीतून कडेचे किरण गाळले जातात आणि थोडा मायनस नंबर असलेल्या डोळ्यालाही अक्षर बऱ्यापैकी कळतं. मान पुढे येते, मागोमाग पाऊलही. ती घुटमळली की सर अक्षराखाली बोट टेकवतात, ‘नीट बघ, घाई करू नकोस’ म्हणतात, चुकलं तर पुन्हा विचारतात. शेवटी उत्तर बरोबर येतंच, दिशा चारच तर आहेत.

यातली एकही चूक कामचुकारपणाची नाही. बहुतेक तर मायेपोटी झालेल्या आहेत. शिक्षकाचा सगळा पिंड मुलाला उत्तरापर्यंत नेण्याचा असतो, आणि इथे त्यानं नेमकं तेच करायचं नसतं. म्हणून नजर तपासणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग नवीन काही शिकवण्यापेक्षा हातातल्या सवयी मोडण्याचाच असतो.

पाऊलभर अंतरानं एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञानं १८६२ मध्ये उट्रेक्टला आपला तक्ता प्रसिद्ध केला, त्यामागे सरळ भूमिती होती. निकोप डोळ्याला ओळखता यावं असं अक्षर डोळ्याशी एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करतं. सहा मीटरवर त्या अक्षराची उंची भरते सुमारे पावणेनऊ मिलिमीटर. ६/९ च्या ओळीतलं अक्षर तेरा मिलिमीटरचं: निकोप डोळा जे नऊ मीटरवरून ओळखेल, त्यासाठी ६/९ नजरेच्या मुलाला सहा मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. आपल्या शालेय तपासणीत हीच ६/९ ची ओळ म्हणजे उंबरठा. ती वाचता आली नाही की पुढे पाठवायचं. आता व्हरांडा पाच मीटरचा असेल तर तीच ओळ जवळजवळ ६/११ इतकी सोपी होते. ज्याची नजर अगदीच अधू आहे ते मूल तरीही सापडतं. सुटतात ती काठावरची, म्हणजे तपासणी ज्यांच्यासाठी मांडलेली असते तीच.

एकाच अक्षरासाठी दुसऱ्यांदा विचारण्याचाही हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पाच ‘ई’ दाखवायचे आणि चार बरोबर आले तर पास, असा नियम धरू. काहीच न दिसणारं मूल नुसत्या अंदाजानं पास होण्याची शक्यता ६४ मध्ये एक. पण ‘चुकलं, पुन्हा सांग’ अशी एकेक जादा संधी दिली, तर मूल आधीचं उत्तर सोडून उरलेल्या तिनांतलं एक निवडतं आणि प्रत्येक अक्षर बरोबर येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. मग न बघता पास होणारी मुलं ३२ मध्ये सहा, म्हणजे पाचात जवळपास एक. तक्ता तोच, मूल तेच. फरक पडला तो सरांच्या दोन प्रेमळ शब्दांनी.

अक्षराखाली टेकवलेल्या बोटाचं प्रकरण आणखी वेगळं आहे. लहानपणी एका डोळ्याला नंबर जास्त असेल किंवा तो तिरळा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र बाजूला टाकू लागतो. डोळा वरून धडधाकट, पण नजर वाढतच नाही. मराठीत याला आळशी डोळा म्हणतात. तो लवकर सापडला, शक्यतो सातव्या वर्षाच्या आत, तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावरची पट्टी यांनी पुष्कळ सुधारतो. उशीर झाला की उपचार अवघड होत जातो. या डोळ्याची गंमत अशी, की एकटं अक्षर त्याला बऱ्यापैकी ओळखता येतं, पण शेजारी आणखी अक्षरं आली की गोंधळ उडतो. बोट टेकवून किंवा बाकीची ओळ झाकून एकेक अक्षर सुटं दाखवलं की परीक्षा सोपी होते आणि आळशी डोळा बिनबोभाट निसटतो. म्हणूनच लहान मुलांसाठीच्या चांगल्या कार्डांवर एकेका चित्राभोवती मुद्दाम चार रेघा काढलेल्या असतात. ही कार्डं फिनलंडच्या बालनेत्रतज्ज्ञ लेआ ह्युवारिनेन यांच्या नावानं ओळखली जातात. त्यांनी सत्तरच्या दशकात सफरचंद, घर, चौकोन आणि वर्तुळ अशी चार चित्रं तयार केली. धूसर दिसू लागलं की चारही सारख्याच गोळ्यासारखी दिसतात, त्यामुळे अंदाजाला आधार मिळत नाही. शिवाय डावं-उजवं न कळणाऱ्या बालवाडीतल्या मुलाला ‘ई’पेक्षा घर आणि सफरचंद केव्हाही जवळचं.

हे सगळं करायचं कुणी? आपल्या देशानं या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच दिलं: शिक्षकानं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्यात शालेय नेत्रतपासणी आली. दीडशे मुलांमागे एक शिक्षक प्रशिक्षित करायचा, त्याला ‘ई’चं कार्ड, अंतर मोजायची फीत आणि संदर्भ कार्डं द्यायची, त्यानं निवडलेली मुलं नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यानं पुन्हा तपासायची, अशी ती रचना. याच्या जोडीला २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याची सुरुवात त्या वर्षी ६ फेब्रुवारीला झाली ती आपल्या पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. आयुष पद्धतीचे दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं फिरतं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा यायचं, आणि अनेक आजारांबरोबर नजरही पाहायची. पथकाकडे वैद्यकीय जाण जास्त, शिक्षकाकडे मुलांची ओळख जास्त. कोण वही नाकाला लावतो, कोण फळा सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, कोण मान एका बाजूला कलती ठेवतो हे पथकाला एका सकाळीत कळणार नाही. पुदुच्चेरीत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या संशोधकांनी दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: शाळेतल्या निवडक शिक्षकांनी सगळ्यांना तपासायचं, की प्रत्येक वर्गशिक्षकानं आपापल्या वर्गाला? दुसरी पद्धत सरस ठरली. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. पस्तीस-चाळीस मुलं तपासणारा माणूस शेवटच्या मुलापर्यंत माणूस राहतो. दीडशे तपासणारा पाट्या टाकू लागतो.

पण शिक्षकाची तपासणी किती भरवशाची? दिल्लीतल्या शाळांमधल्या एका अभ्यासात शिक्षकांचे निकाल तज्ज्ञांच्या निकालांशी ताडून पाहिले. खरोखर दोष असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के मुलं शिक्षकांनी ओळखली, आणि दोष नसलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के मुलांना त्यांनी बरोबर ‘ठीक’ म्हटलं. आकडे चांगले आहेत. तरीही ते आपल्या गावावर लावून पाहिले की वेगळंच चित्र निघतं. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नंबर असून चष्मा नसलेली मुलं शहरी शाळांत ५.४६ टक्के आणि ग्रामीण शाळांत २.६३ टक्के होती. ग्रामीण भागातली हजार मुलं घेतली तर दोष असलेली साधारण २६. त्यातली २१ सापडतील, पाच सुटतील. उरलेल्या ९७४ पैकी सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६५ मुलांना विनाकारण चिठ्ठी मिळेल. एकूण ८६ मुलं ग्रामीण रुग्णालयात जाणार आणि चारातली तीन ‘काही नाही, घरी जा’ ऐकून परतणार. त्या तिघांच्या घरचा एक दिवसाचा रोज बुडालेला असतो आणि एसटीचं भाडं गेलेलं असतं. पुढच्या वर्षी शाळेची चिठ्ठी कुणी मनावर घेत नाही, ज्याला खरंच गरज आहे त्याचीसुद्धा.

इथेच प्रशिक्षणाची किंमत कळते. दोष नसलेल्यांना बरोबर सोडण्याचं प्रमाण ९३ वरून ९७ टक्क्यांवर नेलं तर ते ६५ हेलपाटे २९ वर येतात. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. तक्त्यावर ऊन पडू न देणं, मुलाला आधी जवळ बसवून खेळ समजावणं, नापास झालेल्याला तासाभरानं किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणं, एवढ्यानं बरंच साधतं. बावरलेलं मूल आणि न दिसणारं मूल पहिल्या खेपेला अगदी सारखं वागतं.

मात्र सुटलेल्या पाच मुलांचं दुखणं जास्त खोल आहे. विनाकारण पाठवलेलं मूल रुग्णालयात पुन्हा तपासलं जातं, म्हणून ती चूक कधीतरी उघडी पडते. चुकून पास केलेल्या मुलाकडे त्यानंतर कुणी बघतच नाही. उलट, ‘शाळेत तपासलंय, डोळे चांगले आहेत’ असं सांगून आई-वडीलही निर्धास्त होतात, आणि पोरगं अभ्यासात ढ ठरतं. ही चूक तपासणाऱ्याला स्वतःला कधीच कळणार नाही. वर्षानुवर्षं तो पाच मीटरवरून तपासत राहील आणि त्याचा अनुभव त्याला सांगत राहील की आपलं उत्तम चाललंय. म्हणून त्याच्या हाताकडे दुसऱ्या कुणीतरी पाहायला हवं, आणि अधूनमधून पाहत राहायला हवं. मुदतीचं प्रमाणपत्र या गरजेतून येतं.

अमेरिकेत याची रीत बऱ्यापैकी रुळली आहे. ‘प्रिव्हेंट ब्लाइंडनेस’ ही तिथली संस्था १९०८ सालची. नवजात बाळांच्या डोळ्यांत होणाऱ्या जंतुसंसर्गानं येणारं अंधत्व रोखण्यासाठी ती निघाली होती. आज ती मुलांची नजर तपासणाऱ्यांना शिकवते. आधी अभ्यास आणि प्रश्नपत्रिका, मग परीक्षकासमोर प्रत्यक्ष तपासणी करून दाखवायची. दोन्ही जमलं तर प्रमाणपत्र, तेही तीन वर्षांचं. मुदत संपली की पुन्हा परीक्षा. इलिनॉयसारख्या राज्यात तर शाळेत नजर तपासायची असेल तर राज्याच्या आरोग्य खात्याकडून प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र घेतलेला माणूसच लागतो. इंग्लंडनं वेगळी वाट धरली: चार ते पाच वर्षांच्या वयात एकदाच तपासणी, पण ती नेत्रस्नायूंच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या माणसाला हे जमतं का, याचाही अमेरिकेत नीट अभ्यास झाला. तीन ते पाच वर्षांच्या १,४५२ मुलांची तपासणी प्रशिक्षित नर्सनी केली आणि प्रशिक्षण दिलेल्या साध्या नागरिकांनीही. निष्कर्ष २००५ मध्ये आले. यंत्रानं करायच्या चाचण्यांत दोघांत फारसा फरक नव्हता. दहा फुटांवरून ओळीतली चित्रं ओळखण्याच्या चाचणीत मात्र नर्सनी दोष असलेली ४९ टक्के मुलं पकडली, नागरिकांनी ३७. मग त्याच नागरिकांनी पाच फुटांवरून, भोवती रेघा असलेलं एकेक चित्र दाखवून तपासलं तेव्हा ते ६१ टक्क्यांवर गेले. लहान मुलाला दहा फुटांवर उभं करून त्याचं लक्ष धरून ठेवणं हेच मुळात अवघड काम. मला या अभ्यासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो: माणूस तोच ठेवून काम त्याच्या आवाक्यात आणलं, तर पदवीची उणीव भरून निघते.

आपल्याकडे व्हिजन टेक्निशियनसारखे अभ्यासक्रम आहेत, पण ते डोळ्यांच्या दवाखान्यात पूर्णवेळ काम करणाऱ्यांसाठी. शाळेत तक्ता धरणाऱ्या शिक्षकासाठी देशभर लागू असलेला मुदतीचा परवाना नाही. प्रशिक्षण होतं ते बहुतेक एका दिवसाचं. व्याख्यान, चहा, पुस्तिका, सह्या. माझा आग्रह प्रमाणपत्राच्या कागदासाठी नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी यांनी गांजलेल्या शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक कागद ठेवला तर तेही कागदी घोडेच होतील. पण प्रशिक्षणाच्या दिवशी प्रत्येकानं पाच खरी मुलं तपासून दाखवावी आणि नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यानं ती शेजारी उभं राहून पाहावी, एवढं अशक्य नाही. आणि शाळेला भेट देताना त्यानं नापास मुलांबरोबर पास झालेली आठ-दहा मुलंही चिठ्ठ्या टाकून निवडावी आणि पुन्हा तपासावी. सुटलेली मुलं सापडण्याचा दुसरा रस्ता मला दिसत नाही.

चांगलं प्रशिक्षण अधिकाराची सीमाही आखून देतं. तपासणाऱ्यानं ‘तुला चष्मा लागलाय’ असं म्हणायचं नसतं, ‘डॉक्टरांना दाखवायला हवं’ एवढंच. आणि पास झालेल्याचे डोळे निर्दोष आहेत असंही म्हणायचं नसतं. प्लस नंबर असलेलं मूल डोळ्यांवर ताण देऊन लांबचा तक्ता सहज वाचतं आणि पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत त्याचं डोकं दुखतं. अशा मुलासाठी प्लस दोनचं भिंग लावून तक्ता वाचायला देण्याची सोपी युक्ती आहे. भिंगातूनही लांबचं स्पष्ट दिसलं तर पुढे पाठवायचं. काही खुणा तर तक्त्याच्या आधीच्या. बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर तो मोतीबिंदू असेल किंवा डोळ्यातला कर्करोगही. तिथे पुढच्या शिबिराची वाट पाहायची नसते, लगेच मोठ्या रुग्णालयात.

आणि चिठ्ठी दिली म्हणून काम संपत नाही. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांमध्ये ज्यांना चष्मे दिले होते अशा मुलांना सहा महिने ते वर्षभरानं अचानक जाऊन पाहिलं, तेव्हा भेटलेल्यांपैकी चष्मा डोळ्यांवर होता तो जेमतेम ३० टक्क्यांच्या. कुणाचा हरवला, कुणाचा मोडला, कुणाचा घरी राहिला, कुणाला पोरं चिडवतात. केनियाच्या ट्रान्स न्झोया भागात ५० शाळांमध्ये झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. तिथे दोन्ही गटांत तपासणारे शिक्षकच होते. एका गटानं नेहमीचा तक्ता वापरला आणि साधी चिठ्ठी दिली. दुसऱ्या गटातल्या शिक्षकांनी मोबाइलवर नजर तपासली, मुलाला जग कसं धूसर दिसतं त्याचं चित्र पालकांसाठी दिलं, आणि पालकांना व शाळेला आठवणीचे मेसेज जात राहिले. पहिल्या गटातली २२ टक्के मुलं रुग्णालयात पोचली, दुसऱ्यातली ५४ टक्के. ज्या पालकाला फळा स्वतः कधी धूसर दिसलेला नाही, त्याला ६/१८ या आकड्यानं काहीच कळत नाही. ते चित्र मात्र आजीलाही कळतं. आपल्या प्रशिक्षणातला शेवटचा तास आभारप्रदर्शनात जातो. तो पालकांशी काय आणि कसं बोलायचं याच्या सरावासाठी ठेवायला काहीच हरकत नाही.